पुलाच्या उद्घाटनाचा फोटो

वस्तीच्या कलामहोत्सवात जुन्या फोटोंचं दालन लावायचं काम चित्रकलेच्या बाईंनी हौसेने अंगावर घेतलं होतं. लोकांनी घरोघरचे फोटो आणून दिले होते. पाहुणे यायला अजून अवकाश होता, त्यामुळे हॉलमध्ये त्या आणि शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावणारा त्यांचा नवरा, एवढे दोघंच होते.

नदीवरच्या पुलाच्या उद्घाटनाची तसबीर पुसताना बाईंचा हात थबकला. गर्दीत त्यांचा दादा हसत उभा होता! त्या सकाळी 'पूल बघून येतो' म्हणून गेलेला दादा पुन्हा घरी आलाच नव्हता. त्याची वाट बघत आईने डोळे मिटले होते.

बाईंनी पदराने काच पुन्हा पुसली. दादाच्या खांद्यावर हात टाकून एक तरुण उभा होता. त्याला त्यांनी लगेच ओळखलं. 'मी तुझ्या दादाला कधी पाहिलंसुद्धा नाही,' असं नवरा लग्नापासून सांगत आला होता.

"अहो, जरा खाली या. हे... हे तुम्हीच ना?"

तो सावकाश उतरला. त्याने चष्मा लावून फोटो नीट न्याहाळला. मग जाऊन त्याने हॉलच्या दाराला आतून कडी घातली आणि नेहमीच्या मायेने विचारलं,



"अजून कुणाला दाखवलास का गं हा?"