घुमाऱ्याचा खोका

"गरमीनं जीव चालला बाप्पा," अगदी जवळून कुणीतरी कुरकुरलं.

पंचफुलानं मुनाफकडे डोळे वटारले. "कुरकुर नोका करू, मुनाफभाऊ. काम करा."

मुनाफनं मुकाट्यानं मान हलवली. त्याच्या ओठांत दोन स्क्रू धरलेले होते. त्यातला एक काढून तो खोक्याच्या मागच्या फळीत पिळू लागला.

तेवढ्यात दारात सावली पडली. जगदेव मास्तर.

शहात्तरच्या त्या उन्हाळ्यात मास्तर गल्लीत दिसले की गावातले बाप्ये मागच्या दारानं शेत गाठायचे. नसबंदीच्या शिबिरासाठी माणसं जमवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. आज शेवटचा दिवस. दुपारी गाडी यायची होती, आणि गावात हाती न लागलेला एकच उरला होता, पंचफुलाचा नवरा भिवाजी. पंचफुलाच्या पदरी एक लेक होती, अजून एखाद-दुसरं हवं होतं. आणि नसतं हवं, तरी ते ठरवणारी ही गाडी कोण लागून गेली, असं ती विहिरीवर चारचौघींत बोलली होती.

मास्तरांनी भिवाजीची चौकशी केली. तो अनसिंगला बहिणीकडे गेलाय, असं तिनं सांगितलं.

"परवाबी अनसिंगलेच होता."

"बहीन मोठी हाय त्याची. लवकर सोडत नाही."

मास्तर वहाणा हातात घेऊन आत आले, खाटेवर न बसता दाराआड भिंतीला टेकून खाली बसले. मास्तरांच्या नव्या नवरीची खुशाली पंचफुलानं मुद्दाम विचारली. सहाच महिने झाले होते लग्नाला. "बरी हाय," एवढंच म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

मग त्यांची नजर खोक्यावर गेली.

तंबूतल्या सिनेमात भिवाजीच्या वस्तीच्या माणसांना कायम मागच्या खांबापाशी बसवायचे. एकदा भिवाजी उठला तो परत त्या तंबूत गेलाच नाही. जुनं प्रोजेक्टर घेतलं, ओसरीत पांढरं धोतर ताणलं, आणि आता माझ्या घरात मी वाट्टेल तिथं बसेन म्हणाला. पण त्याच्यासोबत आलेल्या दोन्ही कर्ण्यांचा आवाज पडला किरटा. ढग गडगडला की डबा पडल्यासारखा वाटायचा. म्हणून त्यानं सागाच्या फळ्या ठोकून कणगीएवढा खोका केला. वर परातीएवढा स्पीकर, खाली मुठीएवढं भोक. जोडणी करायला जऊळक्याचा रेडिओवाला मुनाफ आलेला.

"हे भोक कायले?" मास्तरांनी वाकून विचारलं.

"हवा लागते आतल्या..." मुनाफ थबकला. "आतल्या आवाजाले."

मग अजून चालू का केला नाही, हा पुढचा प्रश्न आलाच. मुनाफनं लांबण लावली. एक रीत म्हणजे कर्ण्यांच्याच तारेवर खोका जोडायचा. पण मशीनवर भार येतो. दुसरी, खोक्याला स्वतंत्र मशीन द्यायचं. ते जऊळक्याहून आणावं लागेल. वहिनी स्वतंत्रच म्हणून राह्यल्या. मास्तरांनी कुठंतरी वाचलं होतं. ते म्हणाले, वेगळं मशीन कशाला, कर्ण्यांच्या तारेत एक कंडेन्सर टाकला की झालं, पाच मिनिटांचं काम.

"जोड ना मंग. पाहू कसा घुमते."

मुनाफनं पंचफुलाकडे पाहिलं. त्याला शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात भर बाजारातून उचलून नेलं होतं. तेव्हापासून तो जगात कुणाला भीत नव्हता, एक पंचफुला सोडून.

"नाही जोडाचा," ती म्हणाली.

"सोपं हाय, वहिनी."

"असन सोपं. पन खोका माह्या घरचा हाय, मास्तर. कसा जोडाचा, कवा जोडाचा, का जोडाचाच नाही, हे आमी नवरा-बायको ठरवू. तुमी नाही, अन् तुमची गाडी तर नाहीच नाही."

मास्तर खाली मान घालून ऐकत होते. यानंतर तिघंही फक्त तारेचंच बोलले. जाड बरी की बारीक, तांबडी कुठल्या स्क्रूला, काळी कुठल्या. मास्तरांनी खोक्याची खोली मात्र दोनदा विचारली. भिवाजीचं नाव कुणी काढलं नाही.

पारापाशी गाडीचा भोंगा वाजला.

मास्तर ताडकन उठले. पंचफुलानं चुलीपुढची फुंकणी उचलली आणि खोक्याला पाठ लावून उभी राहिली. आता हे बाहेर जाऊन हाक मारणार, पुढं काय करायचं ते तिच्या मनात पक्कं होतं. पण मास्तरांनी दार लोटलं, आतून कडी घातली. मुनाफच्या हातातला पेचकस घेतला आणि खोक्याकडे वळले.

"हात लावून तं पाहा, मास्तर," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. गाडी गल्लीत शिरल्याचा आवाज आला. ते तिच्या पायांपाशी उकिडवे बसले, तोंड त्या भोकापाशी नेलं.

"भिवाजी, सरक जरा. मानूस नाही भेटला म्हनून आज ते मलेच घेऊन चालले."