वाळवणाचा चौथरा

"साहेब, दगड कसा आरशासारखा झाला बघा," पॉलिशवाला म्हणाला. हुतात्मा बागेतल्या चौथऱ्यावर कोरलेली अकरा नावं त्यानं घासून सपाट केली होती. बागेच्या दुरुस्तीचा इंजिनिअर मी. आधी नावं उतरवून घ्यायला मीच विसरलो होतो. ऑफिसातली यादी तर केव्हाच वाळवीनं खाल्लेली.

समोरच्या चाळीतल्या बायका धावत आल्या. पिढ्यानपिढ्या त्या याच चौथऱ्यावर पापड वाळवत. महिन्यापूर्वी मीच त्यांना हुसकावून मनाईची पाटी ठोकली होती.

"आमची नावं कुठं गेली?" शेवंताबाई कडाडल्या.

"तुमची?"

"मग? जागेवरून भांडणं नकोत म्हणून आमच्या सासवांनी एकेकीला एकेक हुतात्मा वाटून दिलाय. नथू मोरजकर माझा. हसन मुजावर लताचा. बाबाजी लोखंडे शकूचा, तिथं ऊन जास्त म्हणून कुरडया."

मी खडू पुढे केला. अकरा जणींनी गुडघे टेकून आपापल्या जागी आपापल्या हुतात्म्याचं नाव लिहिलं. कारागिरानं त्यावरच छिन्नी चालवली.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मी ती पाटी उपटून काढली. शेवंताबाईंनी ओल्या फडक्यानं नथूचं नाव पुसून स्वच्छ केलं, वर जुनी साडी अंथरली आणि पापड मांडले. मी बघत उभा राहिलो.

"उभेच आहात तर कावळे हाकला, साहेब," त्या म्हणाल्या. "हुसकवायची सवय आहेच तुम्हाला."