पदकाची डबी

बायकोचा, तूबाचा, चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकून पाहुणे गेले, तेव्हा कर्नल फरामर्जनी कपाटातली मखमली डबी उघडली. डबी रिकामी होती.

त्यात जुल्फिकारचं पदक असायचं. हजरत अलींच्या दोन टोकांच्या तलवारीचं नाव दिलेला, इराणच्या शहाच्या फौजेतला मोठा मान. काजार घराणं गेलं, पहलवी आलं, पदकात तलवारीवरचा मुकुट बदलला; तलवार तीच राहिली. फरामर्जना हा मान डोंगरातल्या लढाईत मिळाला होता. आता शहाच पळाला होता, आणि काशानमध्ये ज्याच्या घरात मुकुटाची खूण सापडेल त्याला क्रांतीच्या कमिटीची माणसं उचलून नेत होती. शेजारचे मेजर गेले ते परतले नव्हते.

पदक विहिरीत टाकू का, असं त्यांनी आजारी तूबाला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही हात लावू नका. मी बघते."

तिनं काय बघितलं ते विचारायचं राहून गेलं.

त्यांनी तांदळाचं पोतं उपसलं, रजया चाचपल्या, चहाचा समोवार उलटा केला. तिच्या शिवणाच्या टोपलीत हिरवा दोरा होता आणि कात्री. कात्रीच्या पात्याला खाच पडली होती. तूबा त्या कात्रीनं कुणाला कागदसुद्धा कापू द्यायची नाही. त्यांनी ती परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी कमिटीची माणसं आली. पुढे नानवाल्याचा मुलगा यदुल्ला, खांद्याला बंदूक. त्यानं दारात बूट काढले आणि आत येऊन सुरीनं गादी फाडली.

"काका, सांगून टाका. भट्टी सोडून आलोय."

"माझ्याकडे नाही."

"डबी तेवढी जपलीत. पदक काय उंदरानं नेलं?"

 सुरी एकेका उशीत शिरत होती, आणि कुठल्या उशीत ते निघेल हे फरामर्जनाही ठाऊक नव्हतं.

काहीच निघालं नाही. यदुल्लानं डबी खिशात घातली. मोहरमचा आशुरा झाला की अंगण खणू, तोवर गाव सोडायचं नाही, असं त्यानं बजावलं. "तूबामावशीनं अंथरुणात बसून आमच्या अलमचं कापड शिवलं, म्हणून एवढी सवलत."

ते गेल्यावर फरामर्जनी स्वतःच डाळिंबाखालची माती उकरून पाहिली. तिथेही काही नव्हतं.

आशुराला मिरवणूक त्यांच्या दारात थांबली. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, तिथे अलम, म्हणजे मिरवणुकीचं निशाण, झुकवायची रीत आहे. अलमचा दांडा यदुल्लाच्या कमरेच्या पट्ट्यात खोचलेला होता. झुकवून त्यानं आधी स्वतः हिरव्या कापडाच्या मधोमध ओठ टेकले. त्याचे डोळे भरून आले होते.

"मावशीच्या हातचं शेवटचं. या, काका."

फरामर्ज वाकले. कापडावर दोन टोकांची, सोनेरी मुलाम्याची तलवार शिवलेली होती. तिच्या वर, जिथून मुकुट कापून काढला होता, तिथली खरखरीत कड त्यांच्या ओठाला बोचली. एका बाजूचा टाका उसवला होता. तो घालायचा राहिला आहे.