तिकडचा कायदा

माझ्या नवऱ्यानं, युवराजनं, परदेशात दुसरं लग्न केलं म्हणून मी सोलापूरच्या कोर्टात केस केली. ती दुसरी, अंकिता, दर तारखेला त्याच्यासोबत येऊन मागच्या बाकावर बसायची. मला पक्का संशय, बया खोटी साक्ष द्यायलाच आलीय.

आज त्याच्या वकिलानं तिकडच्या कायद्याचा जाणकार उभा केला. जज्जसाहेबांचाही त्याच्यावर भरवसा दिसेना. तेच तेच फिरवून विचारत होते.

"म्हणजे यांनी नोंदणी केली नाही, म्हणून तिकडच्या कायद्यानं ते लग्नच नाही?"

"नाही साहेब. ती यांची कुणीच लागत नाही."

युवराज माझ्याकडं बघून हसला.



बाहेर आल्यावर अंकितानं मला गाठलं. "ताई, तुमचे वकील कुठं बसतात हो?"