फ्रिजचे पाच पॉइंट

मेलेल्याच्या नावावर विजेचं बिल फाडता येत नाही, हे तत्त्व जगातल्या कुठल्याही न्यायालयात टिकलं असतं. सेकोंडीतल्या त्या सात खोल्यांच्या घरात मात्र ते सकाळी अंगणात, केंकीची, म्हणजे मक्याच्या वाफवलेल्या उंड्यांची, पानं सोलता सोलता मांडावं लागलं. शिवाय मेलेला इसम म्हणजे एक फ्रिज होता.

"मेलाय तो," शिवणकाम करणारी अराबा म्हणाली. "या घरात आला तोच मेलेला आला. मेलेल्याचे पैसे मी देणार नाही."

सात खोल्यांतल्या भाडेकरूंना मिळून मीटर एकच. बिल आलं की बादू ते पॉइंटांवर वाटत. दिवा आणि सॉकेट एकेक पॉइंट, पंखा दोन, इस्त्री तीन, फ्रिज पाच. बादू घरात सगळ्यांत वडील, म्हणून सारे त्यांना ओपानिन म्हणत. रेल्वेतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. रेल्वेने त्यांना सोडलं होतं, त्यांनी रेल्वेला सोडलं नव्हतं. महिन्यातून एकदा ते छडी घेऊन खोल्या तपासत. त्या सकाळी घरातल्या सगळ्या इस्त्र्या पलंगाखाली जात. बादूंचीही.

"मेलाय?" बादू म्हणाले. "रविवारी मी या कानांनी ऐकलंय. बहिणीला फोनवर काय सांगत होतीस? फ्रिज असा गार करतो की पाणी प्यायलं की दात ठणकतात! मागच्या सगळ्या महिन्यांचे पाच-पाच पॉइंट आज संध्याकाळपर्यंत टाक. नाहीतर तुझी वायर कापतो."

वायर कापली म्हणजे शिलाई मशीन बंद. शनिवारी एका बड्या घरचं दफन होतं, आणि त्या घरातल्या बायकांचे काळे-लाल झगे अराबाच्या खोलीत बेतून पडले होते. वेळेवर शिवले नाहीत तर सेकोंडीत पुन्हा कुणी तिच्याकडे मयताचं कापड टाकलं नसतं, आणि मयताच्या कापडावरच तिचं घर चालत होतं.

फ्रिज थोरल्या बहिणीने, एकूबाने, हॅम्बुर्गहून स्वतःच्या पैशाने जहाजातून पाठवला होता. आल्या दिवशी अराबाने तो कोपऱ्यात उभा केला, प्लग लावला, आणि काहीच झालं नाही. हे बहिणीला सांगायचं कोणत्या तोंडाने? तेव्हापासून दर रविवारी ती फोनवर फ्रिज थोडा थोडा आणखी गार करत आली होती.

"खोटं बोलले," अराबा म्हणाली. "बहिणीचं मन मोडवेना म्हणून बोलले. आता खोट्यालाही पॉइंट लावताय का, ओपानिन? मग सुरुवात तुमच्या पलंगाखालून करू या."

"कर बाई, कर," समोरच्या खोलीतली आंटी ओटूवा मासा निवडता निवडता म्हणाली. "आम्हाला काय ठाऊकच नाही!"

"दिव्याचा पॉइंट देते," अराबाचा आवाज चढला. "मशीनचे देते. दोन्ही सॉकेटचे देते, एक दिवस उशीर नाही. पण त्या खोक्याचा एक पेसेवा देणार नाही! कापा वायर. हाताने शिवीन. आणि शनिवारी बायका अर्ध्या कपड्यांत दफनाला आल्या, तर चर्चच्या दारात उभी राहून तुमचं नाव सांगीन!"

मग तिने स्वतःच हाक मारली, "ए फिफी, काढ रे तो बाहेर! होऊन जाऊ दे, सगळ्यांदेखत."

फिफी टॅक्सी चालवायचा आणि भांडण असलं की धंद्यावर उशिरा जायचा. त्याने फ्रिजचं दार उघडलं. आतून काळं कापड निघालं, लाल कापड निघालं, गारीचा, कसाव्याच्या भाजक्या रव्याचा, डबा निघाला. अंड्यांच्या खाचांत बटणं होती. भाजीच्या खणात चेन होत्या. बर्फाच्या कप्प्यात प्रार्थनेचं पुस्तक होतं.

घराचा कौल फिरला. "ओपानिन," आंटी ओटूवा म्हणाली, "या कपाटाला पाच पॉइंट असतील तर माझ्या ट्रंकेलाही लावा. तिलाही झाकण आहे."

सगळे हसले. बादूंनी घसा खाकरला. "बरं, बरं. राहू दे. फ्रिज शून्य धरतो. ठेवा आत."

इथे अराबा जिंकली होती. कुठलाही शहाणा माणूस इथे कापड गोळा करून आत गेला असता.

"राहू दे कशाला?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "भीक नको मला. उद्या म्हणाल, दया केली. फिफी, आण इकडे ओपानिनच्या ओसरीवर. त्यांच्याच सॉकेटात लाव. बघू दे सगळ्यांना मढं."

फ्रिज ओसरीवर आला. फिफीने प्लग लावला.

आधी एक कचका बसला. मग घुरघुर सुरू झाली. रिकाम्या फळ्यांवर पिवळा दिवा लागला आणि एक चुकार बटण त्यात चमकलं.

आंटी ओटूवा मासा हातात घेऊन जमिनीवर बसली आणि तिला उठवायला दोघी लागल्या. बादूंच्या चेहऱ्यावर पेन्शनच्या दिवशीचं हसू आलं.

"पाच," ते म्हणाले.

"आजपासून पाच," अराबा म्हणाली. कमरेवरचा हात हलला नाही. "कालपर्यंत शून्य. काल कुठे चालत होता?"

बादूंनी बराच विचार केला. हिशेबात खोट सापडेना. त्यांनी मान हलवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा निकाल भाडेकरूच्या बाजूने लागला. आंटीने टाळी वाजवली. अराबा विजयी मुद्रेने फ्रिजमागोमाग खोलीत शिरली, फिफीने तो कोपऱ्यात नेहमीच्या जागी उभा केला, प्लग लावला, आणि दिवा लागला नाही.

फिफीने प्लग काढून त्या जागी आपला मोबाइल लावून पाहिला. तोही चार्ज होईना.

मेला होता तो भिंतीतला सॉकेट. त्याचा महिन्याला एक पॉइंट अराबा तीन वर्षं वेळेवर भरत आली होती.