लाथा उगारलेली फौज

एसटी घाटात बंद पडली, तेव्हा मृदुलाचा दहावीचा पेपर सुरू व्हायला अर्धा तास उरला होता. तेवढ्यात मागून बुलेटवाल्यांची टोळी येऊन थांबली. काळी जॅकेटं, दाढ्या, हेल्मेटवर कवट्या. मृदुलाच्या आईने आधी मंगळसूत्र पदराखाली घेतलं.

मृदुलाने मात्र त्यांना पेपरचं आणि शाळेचं सांगून टाकलं.

"बसा काकू, सोडतो," म्होरक्या म्हणाला. "अनाथाश्रमात वह्या द्यायला चाललोय. शाळा वाटेवरच आहे."

"गुंडांना वह्या कशाला लागतात?" आई म्हणाली. पण मृदुला दुसऱ्या बुलेटवर बसलीसुद्धा होती.

म्होरक्याने दिलेलं कवटीचं हेल्मेट घालून आई त्याच्या मागे बसली. थोडं पुढे गेल्यावर म्होरक्याने डावा पाय बाहेर काढला. मागच्या सगळ्यांनीही काढला.

"कुणाला लाथ घालतोस रे?"

"खड्डा आहे काकू. मागच्याला असा दाखवायचा, ही आमची पद्धत."

"पण लोकांना काय वाटेल?"

"वाटतंच. परवा एक गाव काठ्या घेऊन आलं होतं."

रस्त्याने पाय आत घ्यायला सवडच दिली नाही. आई एका अंगाला बसलेली. शेवटी तिनेही साडी सावरून दोन्ही पाय बाहेर काढले.

शाळेच्या वॉचमनने लांबूनच ही लाथा उगारलेली फौज पाहिली आणि फाटकाला कुलूप ठोकलं. आई कवटीच्या हेल्मेटसकट उतरली.

"उघड. पोरीचा पेपर आहे."

त्याने उघडलं. घंटा झाली तेव्हा मृदुला बाकावर होती.

"येतो काकू," म्होरक्या म्हणाला.

"नुसतं येतो काय? परवा गणित आहे. स्टँडवर वेळेत या."