अर्धी बाजू

“पटलं,” समितीचे अध्यक्ष म्हणाले. इतक्यात पटायला नको होतं. बाईंनी अजून स्वतःची बाजू मांडायला सुरुवातच केली नव्हती.

कॉलेजातला लेखनाचा वर्ग बंद करावा, निबंध मशीनकडून तपासून घ्यावेत, असं समितीच्या मनात होतं. त्यात बाईंचं फारसं बिघडणार नव्हतं. निवृत्ती दाराशी येऊन बसली होती. बिघडणार होतं ते धाकट्या मॅडमचं. ती एके काळची बाईंचीच विद्यार्थिनी. दर वर्षी नव्यानं नेमणूक मागून घ्यायची आणि हाच वर्ग शिकवायचा, असं तिचं चाललं होतं. घरात कमावणारी ती एकटीच. आत जाताना बाईंनी तिला सांगितलं होतं, तू काळजी करू नकोस, बोलणं हा माझा धंदाच आहे. आता ती भिंतीकडच्या खुर्चीतून अशी बघत होती, की बाईंनी तिकडे बघणंच सोडलं.

दोष सगळा बाईंच्या पद्धतीचा. आयुष्यभर त्यांनी दोनच कामं केली. निबंध तपासले, आणि निबंध तपासून काय होतं ते तपासलं. पोरांचे पहिले खर्डे, दुसरे खर्डे, समासातले शेरे, सगळं वर्षानुवर्षं ताडून पाहिलं. हाती काय लागलं, तर शेजारी गुण दिसले की शेरा कुणी वाचत नाही. डोळ्यांची वाट लागली ती फुकट. एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगी पडत होती. वाद घालताना आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती इतकी नीट, की त्यानंच म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं. मग आपलं तोंड उघडायचं. असं लिहिणारी पोरं सुधारत. हा नियम बाईंच्या हाडीमासी खिळला होता. घरी भांडण झालं तरी नवऱ्याची बाजू आधी त्याच मांडायच्या. तो बिचारा म्हणायचा, मग माझ्या वाटचं भांडणही तूच कर, मी जेवून घेतो. त्याच नवऱ्यानं सकाळी बजावलं होतं, आजच्या दिवस ती सवय गुंडाळून ठेव. पण जित्याची खोड.

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी समितीची बाजू मांडली. मशीन दमत नाही, वैतागत नाही, म्हणाल्या. पोरं शेरे वाचत नाहीत हे तर माझ्याच संशोधनात निघालंय. एकच माणूस निबंधांचा ढीग उपसतो, तेव्हा तळातल्या पोराच्या वाट्याला येतो तो नुसता वैताग. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी खरा लागला, कारण त्या खरंच दमल्या होत्या. घरी कालचा गठ्ठा तसाच पडला होता. समितीतली मंडळी सरसावून बसली. प्राचार्य तर मान डोलवायला लागले. मान डोलली म्हणजे आता आपलं सांगायची वेळ झाली, असं समजून बाईंनी पाण्याचा एक घोट घेतला. त्या घोटानं घात केला. तेवढ्यात अध्यक्ष ‘पटलं’ म्हणून मोकळे झाले.

माझं म्हणणं अजून राहिलंय, असं त्या म्हणाल्यासुद्धा. अध्यक्ष हसले, त्यांना तो बाईंचा विनय वाटला. त्यांनी कारकुनाला ठराव लिहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी चहाची चौकशी केली.

बाई तशाच उभ्या. त्यांना लाज वाटली, आणि राग आला तोही स्वतःचाच. समोरच्याचं नीट सांगा म्हणजे तो तुमचं ऐकेल, हे त्या जन्मभर शिकवत आल्या. स्वतःचं ऐकून झाल्यावर तो उठून चालता होईल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. कसं येणार? वर्गातून तास संपेपर्यंत कुणी उठत नाही. धाकटी रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती जवळ आली आणि म्हणाली, बाई, बसा जरा, दमलात.

तेवढ्यात अध्यक्ष परत वळून आले. समितीतलं कुणी जवळ नाहीसं पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“खरं सांगू? आमचं म्हणणं आम्हालासुद्धा इतकं नीट मांडता आलं नव्हतं. वरच्यांपुढे गेलं की आमची माणसं त त प प करतात. त्यांना एवढं शिकवाल का? मीही येऊन बसेन म्हणतो.”

उभं राहून बाईंच्या पायात गोळे आले होते. घरी जाऊन आडवं व्हावं, असं फार वाटत होतं. टेबलाच्या टोकाला कारकून अजून ठराव लिहीतच होता. बाईंनी एक खुर्ची ओढून अध्यक्षांसमोर ठेवली.

“शिकवते की,” त्या म्हणाल्या. “समोरच्याची बाजू मांडणं हा त्यातला सोपा भाग. त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणं अवघड. ते आधी शिकू. बसा.”